जुनी रेसकार पुन्हा उभी करायची? कोटेशन देण्याआधी विचारा, 'कुठल्या दिवसाची गाडी?'



रिस्टोरेशनच्या कामात चांगला पैसा आहे, असं आजकाल बरेच जण म्हणतात. जुनी बुलेट, विलीज जीप, लॅम्ब्रेटा, आजोबांची फियाट. गिऱ्हाईक हौशी असतं, घासाघीस फार करत नाही आणि काम झाल्यावर फोटो काढून चार लोकांना दाखवतं. हे सगळं खरं आहे. पण याच कामात चांगले चांगले मिस्त्री बुडतात हेही तितकंच खरं आहे. हात कच्चे असतात म्हणून ते बुडत नाहीत. काम सुरू करताना ते नेमकं काय आहे, हेच ठरलेलं नसतं, म्हणून बुडतात.

व्हिडिओत मी हे थोडक्यात सांगितलं होतं, इथे सविस्तर बघू. उदाहरण आपल्याकडचं नाही, अमेरिकेतलं आहे. कारण जमिनीवरच्या वेगाच्या विक्रमासाठी बांधलेल्या जुन्या हॉट रॉडमध्ये ही अडचण जितकी उघडी दिसते तितकी दुसरीकडे कुठे दिसत नाही.

आधी हॉट रॉड म्हणजे काय ते समजून घ्या. १९३०-४० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घ्यायची. मडगार्ड काढायची, वजन कमी करायची, इंजिन खोलून ताकद वाढवायची आणि मोहावी वाळवंटातल्या म्यूरॉक, एल मिराज अशा कोरड्या तलावांच्या सपाट तळावर पळवायची. शर्यत शेजारच्याशी नव्हती, घड्याळाशी होती. सरळ रेषेत जायचं, ठरावीक अंतराला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून वेग काढायचा. १९३७ साली या क्लबांनी एकत्र येऊन एससीटीए ही संघटना केली. १९४९ पासून युटा राज्यातल्या बॉनव्हिल या मिठाच्या पठारावर 'स्पीड वीक' सुरू झाला. मीठ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपली गाडी. ॲलेक्स झिडियास नावाचा तरुण युद्धातून सुटला आणि १९४६ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातल्या बरबँकला 'सो-कॅल स्पीड शॉप' काढलं. वेगवान गाड्यांचे पार्ट विकणारं छोटंसं दुकान. त्या काळात लढाऊ विमानांच्या पोटाखाली बसवायच्या जादा इंधनाच्या टाक्या युद्धानंतर भंगारात मिळायच्या. आकार थेंबासारखा, म्हणजे हवा कापायला तयारच. अशी टाकी घेऊन तिच्यात इंजिन, चाकं आणि ड्रायव्हर बसवायची कल्पना बिल बर्क या रेसरने १९४६ मध्ये पहिल्यांदा अमलात आणली. झिडियासने पुढे पी-३८ विमानाच्या टाकीपासून स्वतःची गाडी बांधली. या गाड्यांना 'बेली टँक' म्हणतात, पोटाची टाकी म्हणा हवं तर. १९५२ मध्ये बॉनव्हिलला ही गाडी ताशी १९८ मैल गेली, म्हणजे जवळजवळ ३१९ किलोमीटर. दुकानाची याहून चांगली जाहिरात कुठली असणार!

पण गंमत पुढेच आहे. विक्रमांचे वर्ग इंजिनाच्या आकारावर ठरायचे. त्यामुळे त्या वर्षी याच एका गाडीत तीन वेगवेगळी इंजिनं आळीपाळीने बसवली गेली. छोट्या फोर्ड व्ही-८ वर ती ताशी १४५ मैल गेली, मग मोठी मर्क्युरी इंजिनं घालून १८१ आणि १९८. एक सांगाडा आणि तीन वर्गांत हजेरी. छोट्या धंद्याने भांडवल कसं राबवावं याचं हे झकास उदाहरण आहे, पण तो विषय वेगळ्या व्हिडिओचा.

आता विचार करा. चाळीसेक वर्षांनी ही गाडी तुमच्या शेडमध्ये आली. मालक म्हणतो, "जशी होती तशी करून द्या." कशी होती? १४५ वाली की १९८ वाली? सकाळची की संध्याकाळची?

'जशी होती तशी' याला अर्थ नाही

रेसची गाडी कधीच पूर्ण झालेली नसते. दर आठवड्याला कुणीतरी काहीतरी कापतं, जोडतं, भोक पाडतं, रंग मारतं. एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना इंजिन आधीच्याकडेच राहतं, फक्त सांगाडा विकला जातो. म्हणजे तुमच्यासमोर उभी असलेली वस्तू एक गाडी नाही, एकावर एक चढलेल्या पाच-सहा गाड्या आहेत. त्यातली कुठली ठेवायची आणि कुठली खरवडून टाकायची, हा निर्णय रंगाच्या ब्रशाआधी व्हायला लागतो. एकदा ग्राइंडर फिरला की मागे येता येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न मालकाला विचारायचा: तुम्हाला कुठल्या दिवसाची गाडी हवी? 'पन्नासच्या दशकातली' हे उत्तर चालणार नाही. अमुक वर्ष, अमुक शर्यत, अमुक इंजिन. ते उत्तर कोटेशनच्या पहिल्या ओळीत लिहायचं आणि त्याखाली मालकाची सही घ्यायची. ही एक ओळ नसेल तर खालचे सगळे आकडे हवेत आहेत.

उत्तर मालकाला माहीत नसतं, बऱ्याचदा. मग ते शोधणं हेसुद्धा तुमचं काम आहे आणि त्याचे पैसे लागतात. जुने फोटो हा पहिला पुरावा. पण बहुतेक फोटो कृष्णधवल, त्यात लाल रंगही काळपट दिसतो आणि गडद निळाही. मग काय करायचं? जिथे ऊन आणि हात पोचलेला नाही अशा जागा शोधायच्या: डॅशबोर्डची मागची बाजू, कंसाखालचा पत्रा, सीटखाली. तिथे नाण्याएवढ्या जागेवर बारीक पेपरने हलक्या हाताने गोल घासायचं. झाडाच्या खोडात वर्तुळं दिसतात तसे रंगाचे थर एकामागून एक उघडे होतात. सगळ्यात आतला थर कुठला, त्यावर कुठला, ते फोटो काढून नोंदवायचं. जुनी भोकं वेल्डिंगने बुजवायची घाई करू नका. कुठलं भोक कुठल्या कंसाचं होतं हे कळलं की अर्धी गोष्ट उलगडते. कोरड्या तलावांवर पळालेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर वेगाची नोंद असलेले छोटे पितळी टॅग लावलेले असायचे. असा एखादा टॅग मिळाला तर तो सोन्यासारखा जपा. पॉलिश करू नका!

खोलून बघायचे पैसे आधी

आपल्याकडे गॅरेजवाला गाडीभोवती एक चक्कर मारतो, बॉनेट उघडतो, "होऊन जाईल साहेब, तीन लाख" म्हणतो आणि तिथेच फसतो. या गाड्यांच्या बाबतीत तर असा आकडा सांगणं म्हणजे जुगारच. का ते बघा.

या गाड्यांमधलं फोर्डचं 'फ्लॅटहेड' व्ही-८ इंजिन १९३२ मध्ये आलं. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसतात, खाली ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या शेजारी असतात. हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण. बनवायला स्वस्त, म्हणून पोरांच्या हाताशी आलं. पण जळालेला वायू बाहेर जाण्याची वाट ब्लॉकच्या आतून जाते, तिथेच शेजारी थंड करणारं पाणी फिरतं. त्यामुळे इंजिन तापतं आणि ब्लॉकला तडे जातात, विशेषतः व्हॉल्व्ह सीटपासून सिलिंडरकडे. त्यात रेसवाल्यांनी बोअर वाढवून भिंती पातळ केलेल्या असतात. बाहेरून धुऊन पुसून चकचकीत दिसणारा ब्लॉक आतून निकामी असू शकतो. हे कळायला तो पूर्ण सोलून, केमिकलने साफ करून, चुंबकीय पावडरने तडे तपासून, पाण्याच्या दाबाची चाचणी करून बघावा लागतो. भिंतीची जाडी अल्ट्रासोनिक मीटरने मोजता येते. हे सगळं करायच्या आधी तुम्ही इंजिनाचा आकडा दिलात तर तो अंदाज नाही, नवस आहे.

म्हणून दोन कोटेशनं द्यायची. पहिलं फक्त खोलून तपासण्याचं: ठरावीक रक्कम, ठरावीक दिवस, शेवटी फोटोंसह लेखी अहवाल. तो अहवाल मालकाचा, तो घेऊन तो दुसऱ्या शॉपमध्ये गेला तरी चालेल. दुसरं कोटेशन अहवाल पाहिल्यावर. ज्याला तपासणीचे पैसे द्यायला जड जातात त्याला पुढचे पैसे द्यायला त्याहून जड जाणार आहेत, हे तुम्हाला स्वस्तात कळतं.

मीठ

समुद्रकाठच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. रत्नागिरी-मालवणकडे पत्रा किती वर्षं टिकतो ते तुम्ही बघितलंय. बॉनव्हिलवर तर गाडी मिठावरूनच पळते. चाकांनी उडवलेलं मीठ प्रत्येक फटीत बसतं. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे गाडी शेडमध्ये नुसती उभी असली तरी गंज आतून चालू राहतो. जिथे ॲल्युमिनियमचा पत्रा स्टीलच्या पाइपला रिव्हेटने जोडलेला आहे तिथे तर दोन धातू आणि मधे खारं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली. ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. वरून रंग छान असतो, बोटाने दाबला की आत जातो.

अशा जागी नुसतं प्रायमर मारून वर रंग चढवला तर वर्षभरात फुगवटे येणार आणि मालक तुमच्या दारात उभा राहणार. जोड खोलून, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन, पूर्ण वाळवून, दोन धातूंच्या मधे वेगळेपणा ठेवणारा थर देऊन मगच बंद करायचं. यात जाणारे तास बाहेरून दिसत नाहीत. बिलात ते वेगळ्या ओळीवर आणि फोटोसह दाखवा, नाहीतर मालकाला वाटतं नुसतं धुण्याचे एवढे पैसे!

सुरक्षेचं इथेच सांगून टाकतो. त्या काळच्या रेसच्या चाकांमध्ये आणि गिअर केसिंगमध्ये मॅग्नेशियम असायचं. त्याची घासलेली भुकटी पेट घेते आणि त्यावर पाणी मारलं तर आग भडकते. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचं खास एक्स्टिंग्विशर जवळ ठेवल्याशिवाय त्याला ग्राइंडर लावायचा नाही. आणि जुन्या बॉडीचे खड्डे तेव्हा शिशाने भरलेले असायचे. ती धूळ फुप्फुसात जाते, रुमाल बांधून भागत नाही, योग्य मास्क लागतो. कामगार तुमचा, जबाबदारी तुमची.

पळवायची की दाखवायची?

हा दुसरा मोठा प्रश्न आणि यात जिवाचा संबंध आहे. मालक म्हणतो, "म्युझियमसारखी करा, आणि एकदा एल मिराजला पळवूया." या दोन गोष्टी एका गाडीत सहज बसत नाहीत. १९५२ मधली सुरक्षा आणि आजची यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज पळवायची तर रोल केज, पट्टे, आग विझवण्याची यंत्रणा, टायर हे सगळं संघटनेच्या आजच्या नियमांप्रमाणे लागतं. ते बसवायचं तर जुना सांगाडा कापावा-जोडावा लागतो, म्हणजे जो खरेपणा जपायला तुम्ही पैसे घेताय तोच जातो. जुन्या रिव्हेटवर आणि सत्तर वर्षांच्या मॅग्नेशियमवर कुणाचा तरी मुलगा ताशी दोनशे मैलांनी जाणार असेल तर "बघू पुढे" हे उत्तर चालत नाही. लेखी घ्या: ही गाडी प्रदर्शनासाठी आहे, शर्यतीसाठी नाही. किंवा उलट. दोन्ही एकाच कोटेशनमध्ये मागणाऱ्याला मी तरी नम्रपणे नाही म्हणायला सांगेन.

तासाचा दर

आता आकडे. समजा शॉपमध्ये तुम्ही आणि एक कारागीर. भाडं, वीज, कारागिराचा पगार, तुमचा स्वतःचा पगार (हो, तो धरायचाच), गॅस, पेपर, हत्यारांची झीज, विमा मिळून महिन्याला १,८०,००० रुपये जातात. दोघांचे मिळून २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे ४०० तास. पण पार्ट शोधणं, फोन, झाडलोट, गिऱ्हाइकाशी बोलणं हे वजा करा. बिल लावता येतील असे तास राहतात समजा २५०. १,८०,००० ला २५० ने भागलं की ७२० रुपये. हा तुमचा तासाचा खर्च, कमाई नाही. त्यावर २५ टक्के नफा धरला तर दर होतो ९००.

काम ४०० तासांचं आहे असं समजून तुम्ही मजुरीचे ३,६०,००० रुपये एकरकमी सांगितले. गंज निघाला, ब्लॉक फुटका निघाला, लागले ६०० तास. तुमचा खर्च झाला ४,३२,०००. म्हणजे ७२,००० रुपये खिशातून घालून तुम्ही दुसऱ्याची गाडी चमकवली. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला, आणि मसाला तुमच्या घरचा!

यावर उपाय म्हणजे लागतील ते तास आणि लागेल ते सामान, या पद्धतीने बिल. पण त्यात गिऱ्हाइकाला भीती वाटते की मीटर चालूच राहील. ती रास्त आहे. म्हणून टप्पे पाडा. प्रत्येक टप्प्याला वरची मर्यादा, मर्यादेच्या जवळ गेल्यावर फोन, आणि लेखी 'हो' आल्याशिवाय पुढचा तास नाही. दर आठवड्याला तासांची नोंद आणि फोटो पाठवा. अ‍ॅडव्हान्स संपला की काम थांबतं, हेही आधीच लिहा. भांडण पैशांपेक्षा आश्चर्याच्या धक्क्याने जास्त होतं.

जुना पार्ट की नवा?

अमेरिकेत फ्लॅटहेडचे बरेच पार्ट आजही नवीन बनतात. त्या काळचा लोकप्रिय स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बोरेटर आज नवा मिळतो, एडलब्रॉकची ॲल्युमिनियम हेडही. (हा व्हिक एडलब्रॉक १९३८ मध्ये स्वतःच्या फोर्डसाठी मॅनिफोल्ड बनवायला गेला, लोकांनी मागितला म्हणून विकला आणि त्यातून कंपनी उभी राहिली.) नवा पार्ट चांगला चालतो, लवकर येतो, पण तो १९५२ चा नाही. काही मालकांना फरक पडत नाही, काहींना तोच सगळा फरक वाटतो. कुठल्या पार्टला काय चालेल याची यादी करून घ्या. आणि काढलेला एकही जुना पार्ट, अगदी तुटका बोल्टसुद्धा, फेकू नका. पिशवीत घालून, चिठ्ठी लावून, काम झाल्यावर खोक्यात भरून मालकाला परत द्या आणि पोच घ्या. तो मालकाचा माल आहे, भंगारवाल्याचा नाही.

खरेपणाला बाजारात किंमत कधी आली? कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या प्रतिष्ठेच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत १९९७ मध्ये पहिल्यांदा हॉट रॉडचा स्वतंत्र वर्ग आला. तोवर गॅरेजमधल्या पोरांचे उद्योग समजल्या जाणाऱ्या गाड्या रोल्स-रॉइसच्या मैदानावर उभ्या राहिल्या. सो-कॅलची टाकी ब्रूस मेयर या संग्राहकाने घेऊन ठेवली आणि पीट शापुरिस या कारागिराच्या शॉपने ती पुन्हा उभी केली. झिडियासचं दुकान तेव्हा कधीचं बंद झालेलं होतं. शापुरिसने १९९७ मध्ये झिडियासच्या संमतीने तेच नाव घेऊन पोमोनाला सो-कॅल स्पीड शॉप पुन्हा सुरू केलं. नाव फुकट उचललं नाही, ज्याचं होतं त्याला विचारून घेतलं, हे नीट बघा.

आपल्याकडे

तुमच्या शेडमध्ये बेली टँक येणार नाही, जीप येईल. पण प्रश्न तोच राहतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेली चालत नाही. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. म्हणजे गिऱ्हाइकाच्या जुन्या जीपमध्ये तुम्ही हौसेने दुसरं डिझेल इंजिन आणि नवी चेसिस घातलीत तर गाडी छान पळेल, पण ही नोंदणी त्याच्या हातून जाऊ शकते. त्याने सांगितलं नव्हतं, तुम्ही विचारलं नव्हतं. मग दोष कुणाचा यावर शेडच्या दारात वाद.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्याकडे सध्या असलेलं एक काम घ्या, गाडी नसेल तर शिवणकाम, फर्निचर, किचन ट्रॉली, काहीही चालेल. कोऱ्या कागदावर वरती तीन ओळी लिहा. काम नेमकं कुठल्या अवस्थेला न्यायचं आहे, ते वापरायचं आहे की दाखवायचं, आणि यात काय काय येत नाही. तिसरी ओळ सगळ्यात लांब झाली पाहिजे. तो कागद गिऱ्हाइकाला दाखवा आणि ते कुठे थांबून "अहो, पण मला वाटलं होतं..." म्हणतं त्या जागेवर पेन्सिलने खूण करा. पुढच्या व्हिडिओत आपण त्याच खुणा घेऊन कोटेशनचा फॉर्म भरणार आहोत.